मुलाकडची गाडी

मुलुंड, २२ मे १९५६

भाऊ,

तीर्थरूप आणि साष्टांग नमस्कार दोन्ही वगळून सुरुवात करते आहे. रागावू नकोस. किंवा रागाव, नऊ वर्षं रागावलेलाच आहेस, त्यात आणखी काय भर पडणार.

तुझं पत्र काल आलं. पाकिटावर तुझं अक्षर बघून आधी वाटलं, कुणीतरी गेलं. आपल्याकडे तेवढ्याच कारणासाठी पत्र लिहितात. उघडलं तर आतून गाडी निघाली.

अंधेरीचे डॉक्टर टिपणीस आपली जुनी गाडी काढताहेत, स्वस्तात देतील, क्षमाच्या कॉलेजची सोय होईल, असं तू लिहितोस. क्षमा कॉलेजात जाते हे तुला माणिकवहिनीने सांगितलं असणार. ती मला चोरून भेटते हे तुला माहीत आहे, आणि तुला माहीत आहे हे तिलाही माहीत आहे. तुमच्या घरात सगळं असंच चालतं.

तू विचारलंस म्हणून सांगते. गेलं वर्ष शेजारच्या अनंतरावांमुळे निभावलं. ते कंपनीच्या मोटारीतून शीवला जायचे, तिथून थोडं पुढे येऊन क्षमाला माटुंग्याच्या कॉलेजात सोडायचे. एप्रिलात त्यांची नागपूरला बदली झाली. आता तिचं इंटर सायन्स. या वर्षाच्या मार्कांवर मेडिकलला प्रवेश मिळतो नाहीतर मिळत नाही, आणि हजेरी भरली नाही तर कॉलेज परीक्षेलाच बसू देत नाही. क्षमाच्या डाव्या पायाला कंबरेपासून लोखंडी पट्ट्या आहेत. तू त्या पाहिलेल्या नाहीस. तू तिला शेवटचं पाहिलंस तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि तुझ्या दारात माझ्या कडेवर होती. मी गिरगावचं सासर सोडून आले होते आणि तू उंबऱ्यातूनच म्हणालास, ‘आधी परत जा, मग बोलू.’ मी परत गेले नाही. आपण बोललो नाही.

तर त्या पट्ट्या घालून स्टेशनचा जिना चढता येत नाही आणि बसच्या रांगेत उभं राहता येत नाही. गाडी असली तर क्षमा डॉक्टर होईल. नसली तर घरी बसेल आणि मी मेल्यावर कुणाच्या तरी घरी पापड लाटेल. बाकी काही गुंतागुंत नाही यात. म्हणून तुझ्या पत्राला उत्तर देते आहे, नाहीतर दिलं नसतं.

पैशाचं तू बघू नकोस. फंडातून उचल मिळेल. चालवणार कोण, असं लिहिलंयस. मी चालवणार. हसून घे एकदा पोटभर. भांडुपला आग्रा रोडवर गुणाजी सावंताचं गॅरेज आहे, तो उन्हाळाभर मला शिकवतो आहे. ‘बाई, गाडी शाळेतला पोर नाय, नुसती ओरडलात तर आयकाची नाय,’ म्हणतो. आता मला चांगली येते. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी एकदा मला चालवताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मी विडी ओढताना सापडले.

एकच अट. गुणाजीला बरोबर आणेन. गाडी तो आतून-बाहेरून बघेल, मग मी हो म्हणेन. जुनी गाडी, किती फिरली आहे देव जाणे. येत्या रविवारी येऊ का, ते कळव.

वसुधा


मुलुंड, ६ जून १९५६

भाऊ,

गाडी दारात उभी आहे. चाळीतली सगळी पोरं काचेला नाक लावून आत बघताहेत. आभाराचं पत्र लिहायला बसले होते, पण हात दुसरीकडेच जातोय. तो जाईल तिकडे जाऊ देते.

पहिल्या पत्रात तू एक गोष्ट लिहायला विसरलास. ती मला उलटटपाली आलेल्या कार्डावरून कळली. ‘मेकॅनिक आणू नकोस. शुभाचं डॉक्टरांच्या नंदकुमारशी जवळजवळ जमलं आहे. आपण मुलीकडचे.’ एवढी मोठी गोष्ट पाकिटात मावली नाही आणि कार्डावर मावली, याचं मला नवल वाटलं. शुभाचं लग्न ठरतंय याचा आनंद झाला. तुझी लेक आहे, पण माझी भाची आहे आणि गुणी आहे.

म्हणून गुणाजीला न घेता आले. डॉक्टरांच्या बंगल्यावर आपली बसायची पद्धत तुला आठवते का? तू खुर्चीच्या कडेवर. वहिनी तर जवळजवळ उभीच. डॉक्टर आरामात रेलून. आम्ही गाडी विकत घ्यायला आलो होतो, पैसे आमचे होते, आणि तरी असं वाटत होतं की आम्ही काहीतरी मागायला आलोय.

क्षमा तेवढी गाडीपाशी गेली. ती सायन्सची मुलगी, तिला बघायची सवय. तिने दार उघडून आत वाकून पाहिलं, बॉनेटवर हात ठेवला आणि सगळ्यांदेखत सरळ विचारलं, ‘मामा, मीटरवर एकतीस हजार मैल आहेत. पण पेडलचं रबर झिजून आतलं लोखंड दिसतंय. एकतीस हजारांत एवढं झिजतं?’ मग डॉक्टरांकडे वळून म्हणाली, ‘गाडी आत्ताच कुठून आली का? इंजिन गरम आहे.’

गरम इंजिन पटकन सुरू होतं हे तिला गुणाजीने सांगितलं होतं. थंड गाडीवरच परीक्षा करायची असते. पण डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला, डॉक्टर छताकडे बघायला लागले, आणि तू म्हणालास, ‘क्षमा, चहा घे. निवतोय.’

ती येऊन बसली. चहा घेतला. मग तू मला ओट्यावर बोलावून नेलंस आणि हळू आवाजात म्हणालास, ‘वसू, मुलाकडच्यांच्या वस्तूला असं हात लावून बघायचं नसतं. उद्या ते म्हणतील, मुलीची माणसं संशयी आहेत. तू गाडी काय बघतेस, माणसं बघ. चार पिढ्यांचं घराणं आहे.’

माझ्यासाठीही तू घराणंच बघितलं होतंस. ते तर सहा पिढ्यांचं होतं. त्या सहा पिढ्यांत पोरीच्या पायाला औषध आणायला एक माणूस उठला नाही.

तरी मी हो म्हणाले. का म्हणाले, ते तुला कळायला हवं म्हणून लिहिते. गाडी आवडली म्हणून नाही. नऊ वर्षांनी तू मला ‘वसू’ म्हणालास म्हणून. मला वाटलं, असू दे, माझा भाऊ मला खड्ड्यात कशाला ढकलेल.

नंदकुमारने चाकापुढे नारळ फोडला. ‘आत्या, झकास गाडी आहे, मीच तिला आजवर सांभाळलंय,’ म्हणाला. मुलगा दिसायला छान आहे, हसतोही छान. डॉक्टरीणबाईंनी बॉनेटला कुंकू लावलं. कुर्ल्यापर्यंत सगळं ठीक होतं, पुढे मागून थोडा धूर येत होता. नवीन हात आहे माझा, म्हणून असेल.

वहिनीला नमस्कार आणि शुभाला आशीर्वाद. शुभाला म्हणावं, आत्या कॉलेजच्या दारात गाडी घेऊन जाणार, तुझ्या मैत्रिणींना सांग.

वसुधा


मुलुंड, १९ ऑगस्ट १९५६

भाऊ,

नवीन हात नव्हता. गाडीच तशी आहे.

सकाळी ती सुरू होत नाही. हँडल मारून मारून माझे दोन्ही दंड सुजलेत. शेजारची प्रेमा आणि तिची धाकटी बहीण आमच्याबरोबर येतात, पेट्रोलाला हातभार लावतात. चाळीतून आम्ही निघतो ते ढकलूनच. कधी भांडुपला बंद पडते, कधी विक्रोळीला पाणी उकळतं आणि झाकणातून वाफ येते. मग त्या दोघी पुस्तकं छातीशी धरून स्टेशनकडे पळतात, लोकल पकडतात आणि वर्गात बसतात. क्षमा काचेतून त्यांना जाताना बघते. मी बॉनेट उघडून वाफ जायची वाट बघते. एकदा तिला म्हटलं, टॅक्सी मिळते का पाहते. म्हणाली, ‘आई, पहिलं लेक्चर संपलं असेल. दुसरं सुरू झाल्यावर आत घेत नाहीत. चल घरी.’ तिथून परत आलो. परतीला मात्र महाराणी एका झटक्यात सुरू झाली.

असे दिवस किती, ते मी मोजत नाही, कॉलेज मोजतं. केमिस्ट्रीची प्रॅक्टिकलं सकाळीच असतात.

गेल्या आठवड्यात गाडी गुणाजीकडे पूर्ण उघडून बघायला दिली. गुणाजी काही देवमाणूस नाही, दर खेपेला एखादा नवा भाग गळ्यात मारतो, आणि तो भाग लावला म्हणून गाडी सुधारते असंही नाही. पण या वेळी तो हात पुसत म्हणाला, ‘बाई, ही गाडी एकतीस हजार चाललेली नाय. लाखाच्या पलीकडे गेलेली आसा. मीटर कोणीतरी मागे फिरवलेलो हा.’ खालची चटई काढल्यावर रेती निघाली, मूठ-मूठ. समुद्राची, शिंपल्यांच्या तुकड्यांसकट. डॉक्टर टिपणीस व्हिजिटला कुठे जायचे, समुद्रात?

आता नीट वाच. इंजिन नवं केल्याशिवाय ही गाडी रोज माटुंग्याला जाणार नाही, आणि इंजिन नवं करायला गाडीइतकाच खर्च आहे, तो माझ्याजवळ नाही. डॉक्टरांनी गाडी परत घ्यावी. थोडं कमी दिलं तरी चालेल, माझी तक्रार नाही. ते पैसे हातात आले तर इथल्या एका टॅक्सीवाल्याशी मी बोलून ठेवलंय, मार्चपर्यंत रोज सकाळी सोडेल. क्षमाची पहिली टर्म कशीबशी वाचेल, दुसरी नक्की. मला भांडायचं नाही. मी स्वतः डॉक्टरांकडे जात नाही, कारण तू म्हणशील वसूने घोळ घातला. तू जा. तुझ्या पद्धतीने, चहा घेत, खुर्चीच्या कडेवर बसून सांग. पण सांग.

या महिन्यात सांग, भाऊ. मार्चमध्ये सांगून उपयोग नाही.

वसुधा


मुलुंड, ८ नोव्हेंबर १९५६

भाऊ,

सप्टेंबरात तुझं उत्तर आलं, ‘साखरपुडा होऊ दे, मग विषय काढतो.’ मी थांबले. पहिली टर्म संपली. क्षमाची हजेरी भरली नाही. प्राचार्यांनी तिला बोलावून सांगितलं की तिच्या पायाकडे बघून या वेळी सोडतो, पण दुसऱ्या टर्ममध्ये हीच गत झाली तर त्यांच्याही हातात काही नाही. ती घरी येऊन म्हणाली, ‘पायाकडे बघून म्हणाले.’ तेवढंच. जेवली नाही.

पाडव्याला साखरपुडा झाला. चांगला झाला. शुभाला मोरपंखी साडी किती शोभत होती. मी तिच्या ओटीत नारळ घातला तेव्हा तिने माझा हात घट्ट धरून ठेवला, सोडेचना.

मग मी आणि क्षमा ओट्यावर येऊन बसलो. आमच्याकडे पाठ करून नंदकुमार आणि त्याचे मित्र उभे होते. कुणीतरी विचारलं, ‘तुझा तो जुना घोडा कुठाय रे?’ आणि तो सांगायला लागला. किती रंगवून सांगत होता. डॉक्टरांनी गाडी मुळातच कुणाची तरी वापरून टाकलेली घेतली होती. मग हा ती मढला शूटिंगवाल्यांना भाड्याने द्यायचा. किनाऱ्यावर, ओल्या वाळूत, नट-नट्या आत बसून फेऱ्या मारायच्या. एकदा तर भरतीच्या पाण्यात चाकं अडकली आणि कोळ्यांनी दोर लावून ओढून काढली. शेवटी वडील म्हणाले, ही वाट लागलेली गाडी आता काढ. तर म्हणाला, ‘मीटर मीच मागे घेतलं यार, एका दुपारचं काम. मग आमच्या मामंजींनी गिऱ्हाईकपण घरातलंच आणलं.’

सगळे हसले. मामंजी म्हणजे तू. तू तिथेच होतास. पेढ्यांचं ताट हातात घेऊन त्यांच्यात उभा होतास, आणि तूही हसलास. हसताना तुझी नजर माझ्यावर पडली, तरी तुझं हसू लगेच थांबलं नाही. जावई बोलत होता ना. त्याचं बोलणं संपेपर्यंत हसावं लागतं.

परत येताना गाडी पवईजवळ बंद पडली. क्षमा म्हणाली, ‘आई, मामाला आधीपासून माहीत होतं?’ मी म्हटलं, नाही गं, त्याला आजच कळलं. तिने मान हलवली. तिला पटलं नव्हतं, आणि मलाही.

आता मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवंय. मे महिन्यात मला पत्र लिहायला बसलास तेव्हा तुला हे माहीत होतं का? हो किंवा नाही, एवढंच. आणि डॉक्टरांशी कधी बोलणार आहेस, त्याची तारीख. साखरपुडा झाला आहे.

वसुधा


मुलुंड, १५ जानेवारी १९५७

भाऊ,

काल वहिनी तिळगूळ घेऊन आली होती. तू पत्राचं उत्तर दिलं नाहीस, बायकोला पाठवलंस.

ती दारातून आत आली तीच रडत. एप्रिलात डॉक्टरांनी तुला म्हटलं होतं की गाडीला गिऱ्हाईक बघा, नंदकुमारने एकतीस हजार सांगायला सांगितलं होतं, आणि तू रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर वळत होतास, हे सगळं तिने सांगितलं. मग म्हणालास म्हणे, ‘बाहेरच्याला दिली तर तो बोंब मारेल, घराण्याचं नाव जाईल, आपलं लग्न मोडेल. वसू घरातली आहे, वसू ओरडणार नाही.’

म्हणजे मी तुला आठवले, नऊ वर्षांनी, तीही गप्प बसेल अशी म्हणून. घर सोडून आले तेव्हा मी तुझी नव्हते. लबाडी झाकायची वेळ आली तेव्हा एकदम घरातली झाले. काय रे माणूस आहेस तू.

आणि तुझा निरोप: ‘शुभाचं लग्न आता वसूच्या जिभेवर आहे. वैशाखापर्यंत सांभाळ, मग मी स्वतः भरपाई करेन.’ भाऊ, वैशाखात क्षमाची परीक्षा होऊन गेलेली असेल. भरपाई कशाची करणार आहेस? तिच्या बुडालेल्या सकाळी परत आणणार आहेस? मला आत्ता टॅक्सी हवी आहे. फंडाची उचल फिटेपर्यंत मला कुणी दुसरी देत नाही, चाळीत कुणाकडे मागणार, आणि गुणाजी ही गाडी भंगाराच्या भावाने घेईन म्हणतो.

मी कुणाला काही सांगितलेलं नाही. तुझ्यासाठी नाही, त्या पोरीने माझा हात धरला होता म्हणून. तिचा यात काही गुन्हा नाही. तिळगूळ घेतला. गोड बोलायचं मात्र जमत नाही, ते वहिनीला तोंडावर सांगितलं.

दोन महिने उरलेत. अजूनही वेळ गेलेली नाही. तू डॉक्टरांकडे जा. नुसतं एकदा ताठ बसून त्यांना सांग की माझ्या भाचीचं वर्ष जातंय. जे घर एवढ्याने लग्न मोडेल तिथे तू मुलगी कशाला देतोयस, हे स्वतःला विचार, मला उत्तर पाठवू नकोस.

वसुधा


मुलुंड, १७ मार्च १९५७

भाऊ,

क्षमाची टर्म मंजूर झाली नाही. गुरुवारी कॉलेजच्या फळ्यावर नावं लागली, त्यात तिचं नाव नाही. फेब्रुवारीत गाडी आठवडा-आठवडा गुणाजीच्या अंगणात पडून होती. जमेल तेव्हा मी टॅक्सीने नेलं, नाही जमलं तेव्हा ती घरी बसून पुस्तकं वाचत राहिली. अभ्यास सगळा झाला होता तिचा. प्रेमा मला म्हणाली, ‘वसुधाताई, आम्हाला गणित क्षमानेच समजावलं.’ प्रेमा परीक्षेला बसते आहे.

हे तुला कळवायला लिहीत नाही. वहिनीने कळवलंच असेल. आज सकाळी जे झालं ते दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जाऊ नये म्हणून लिहिते.

शुभा आली होती. एकटी. तुम्हाला मैत्रिणीकडे जाते सांगून आली. मी पोळ्या लाटत होते, क्षमा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर होती. शुभा तिच्याजवळ बसली. थोडा वेळ साड्यांचं, आमंत्रणांचं बोलणं झालं. मग म्हणाली, ‘आत्या, तूही ऐक. बाबा म्हणतात, तू आजारी होतीस म्हणून क्षमाचं वर्ष गेलं. आई म्हणते, क्षमा आजारी होती. दोघं वेगवेगळं सांगतात म्हणून मी आले. ती गाडी कशी निघाली?’

मी म्हटलं, ‘का गं विचारतेस?’

‘मला जन्मभर त्या घरात राहायचंय. तिथली एकही गोष्ट मी पारखून बघितलेली नाही, मला कुणी बघू दिली नाही. तुम्ही त्यांच्याकडून एक वस्तू घेतलीत. म्हणून विचारते. खरं सांगा.’

मी पोळी तव्यावर टाकली. काय बोलावं ते जुळवत होते. तेवढ्यात क्षमा बोलली.

‘गाडी छान आहे, ताई. माझाच पाय सकाळी आखडतो हल्ली. उठायलाच नको वाटायचं. आई बिचारी हाका मारून थकायची. माझ्याच आळसाने हजेरी गेली.’

भाऊ, तुला हे कळणार नाही, म्हणून समजावून सांगते. पट्ट्या बांधल्या त्या दिवसापासून मी त्या पोरीला एकच सांगत आले आहे, पायाची सबब सांगायची नाही. आणि तिने सांगितली नाही. शाळेच्या पायऱ्यांवरून पडली, ओठ फुटला, तरी बाईंना म्हणाली, मी घाई केली. प्राचार्यांनी पायाचं नाव काढलं म्हणून ती जेवली नव्हती. आणि आज तिने तुझ्या जावयाची लबाडी उचलून स्वतःच्या पायावर ठेवली. हसत. इतकं छान खोटं बोलली की मी आई नसते तर मलाही खरं वाटलं असतं. गेल्या जूनमध्ये हीच मुलगी चारचौघांत दिसेल ते विचारत होती. वर्षभरात आपण तिला घरंदाज करून टाकली.

मी पिठाच्या हातांनी बाहेर आले आणि शुभाला सगळं सांगितलं. मीटर कुणी फिरवलं, ते कुणी कुणाला हसत सांगितलं, आणि तिचे बाबा तेव्हा कुठे उभे होते. तुला सुरुवातीपासून माहीत होतं, हेही सांगितलं. ते सांगताना मला आनंद झाला नाही असं लिहिणार होते. थोडा झाला. माझ्या पोरीचं वर्ष गेलंय.

शुभा रडली नाही. तिने फक्त एवढं विचारलं, ‘बाबांना माहीत होतं?’ मी हो म्हटलं. तिने तेच पुन्हा विचारलं, मी पुन्हा हो म्हटलं. नंदकुमारबद्दल ती एक शब्द बोलली नाही. मग उठून क्षमाच्या गालाला हात लावला आणि गेली. तव्यावरची पोळी जळून गेली होती, खोलीभर धूर झाला होता.

हे पत्र पोचेल तोवर ती तुझ्याशी बोललेली असेल. बोलली नसेल तर जास्त घाबर. लग्न कर म्हणून किंवा करू नकोस म्हणून मी तिला सांगितलेलं नाही. तिने विचारलं ते सांगितलं. माझ्या जिभेवर तू जे ठेवलं होतंस ते मी खाली ठेवलं आहे. आता मला निरोप पाठवू नकोस, आणि वहिनीला तर मुळीच नको. ती आली तर तिला जेवायला घालीन, पण ऐकून घेणार नाही.

जूनमध्ये क्षमा पुन्हा इंटरच्या वर्गात बसेल. कशी नेणार ते मला आज माहीत नाही. नेणार आहे.

ती सकाळपासून माझ्याशी बोलत नाही. दुपारी एकदाच तोंड उघडलं. म्हणाली, ‘माझं एक वर्ष गेलं होतं, पुढच्या वर्षी भरून निघालं असतं. ताईचं लग्न मोडलं तर ते कसं भरणार? मी मुद्दाम खोटं बोलत होते, आई. तुला कळलं नाही?’

कळलं होतं. म्हणूनच मी मधे बोलले.

वसुधा